एमएस आणि पिलाटेस: चालणं सुधारायचं तर आधी धड सांभाळा

पाय ओढला जातो अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी त्यांना आधी पाठ नसलेल्या स्टुलावर बसवते आणि एक हात समोर उचलायला सांगते. पायाचं दुखणं सांगायला आलेल्या माणसाला हे जरा चमत्कारिक वाटतं. पण हात वर जाताना धड मागे कलतं का, दुसरा हात चटकन स्टुलाची कड धरतो का, श्वास रोखला जातो का, एवढं पाहिलं तरी त्यांच्या चालण्याबद्दल बरंच कळतं. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजेच एमएस, असलेल्या अनेकांच्या बाबतीत पाय लटपटण्याआधी धडाची पकड सुटू लागलेली असते, आणि त्याकडे ना पेशंटचं लक्ष गेलेलं असतं, ना घरच्यांचं.

नाशकात फिजिओथेरपी करताना हल्ली एक प्रश्न वारंवार कानावर येतो: "मॅडम, पिलाटेसने एमएस बरा होतो म्हणे, खरं का?" पिलाटेस म्हणजे धड स्थिर ठेवून, श्वासाच्या लयीत सावकाश करायचा एक व्यायामप्रकार. कुणीतरी त्याचा व्हिडिओ पाठवलेला असतो, त्यात एखादी बाई स्प्रिंगच्या यंत्रावर सहज पाय हलवत असते. माझं उत्तर आधीच सांगून टाकते. एमएस पिलाटेसने बरा होत नाही. तोल, बसण्याची ढब, चालण्यातला आत्मविश्वास आणि पाठीचं दुखणं यांवर मात्र त्याचा उपयोग होऊ शकतो. हा उपयोग महागड्या यंत्रातून येत नाही. सावकाश, लक्ष देऊन, श्वास न रोखता धड स्थिर ठेवण्याच्या सरावातून तो येतो, आणि तो सराव घरातल्या लाकडी दिवाणावरही करता येतो. हे असं का, ते नीट समजून घेऊ.

शरीरात बिघडतं काय

एमएस हा मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसांचा आजार आहे. तिथल्या चेतातंतूंभोवती मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्यामुळे संदेश वेगाने आणि वाटेत न गळता पोहोचतो. एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती या आवरणावर हल्ला करते. आवरण गेलं की संदेश मंदावतो, अर्ध्यात अडकतो किंवा पोहोचतच नाही. जिथे हल्ला झाला तिथे कडक व्रण उरतात, आणि एमआरआयमध्ये पांढरे ठिपके दिसतात ते याच जागी. पॅरिसमधले डॉक्टर जाँ-मार्तँ शार्को यांनी 1868 मध्ये या आजाराचं पहिलं नीट वर्णन केलं.

व्रण कुठे पडला यावर लक्षण ठरतं. एकीला महिनाभर एका डोळ्याने धूसर दिसतं, दुसऱ्याच्या कमरेखाली मुंग्या येतात, तिसरीचा चवडा चालताना फरशीला घासतो, चौथ्याला लघवीची घाई आवरत नाही. म्हणून दोन पेशंटची तुलना करू नका, असं मी प्रत्येक कुटुंबाला सांगते. "आमच्या ओळखीतल्या एकांना एमएस आहे, ते तर गाडी चालवतात" हे वाक्य पेशंटला फार लागतं.

आजार बहुधा 20 ते 40 या वयात सुरू होतो आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा दुपटीहून अधिक आढळतो. म्हणजे ऐन नोकरीचं, लेकराबाळांचं वय. सुरुवातीला बहुतेकांमध्ये तो झटक्यांनी येतो. काही दिवस किंवा आठवडे त्रास वाढतो, मग कमी होतो, कधी पूर्ण जातो, कधी थोडा मागे उरतो. या झटक्याला रिलॅप्स म्हणतात. काहींचा आजार पुढे झटक्यांशिवाय सावकाश वाढत जातो, तर थोड्यांचा पहिल्यापासूनच तसा असतो. तो संसर्गाने पसरत नाही. आपल्याकडे पाय गेला की सरसकट लकवा म्हणायची पद्धत आहे, पण मेंदूचा रक्तपुरवठा अडून येणारा लकवा वेगळा आणि हा वेगळा, दोन्हींचे उपचारही वेगळे.

न्यूरोलॉजिस्ट जी औषधं देतात ती पुढचे झटके कमी करण्यासाठी असतात, आणि झटका आल्यावर बऱ्याचदा स्टिरॉइडचे डोस दिले जातात. यातलं काहीच व्यायामामुळे बंद करायचं नसतं. गेलेलं मायलिन व्यायामाने परत येतं असं सांगणाऱ्यापासून लांब राहा.

मग व्यायामाने होतं काय? दोन गोष्टी होतात. पहिली साधी आहे. एमएसमध्ये माणूस हळूहळू कमी हलतो, आणि न वापरलेले स्नायू झडतात. पेशंटच्या अशक्तपणातला एक भाग आजाराचा असतो आणि एक भाग या बसून राहण्याचा. दुसरा भाग भरून काढता येतो. दुसरी गोष्ट मेंदूच्या जुळवून घेण्याची. द्वारका चौक तुंबला की रिक्षावाला काठे गल्लीतून रिक्षा काढतो. वेळ जास्त लागतो, वळणं जास्त येतात, पण माणूस पोहोचतो, आणि रोज गेलं की ती वाट सवयीची होते. एक वाट खराब झाल्यावर मेंदूही बऱ्याच अंशी दुसऱ्या वाटा वापरायला शिकतो. मात्र ती शिकवणी तीच हालचाल पुन्हा पुन्हा, लक्ष देऊन केल्यानेच होते.

धड एवढं महत्त्वाचं का

आत्ता वाचता वाचता करून बघा. खुर्चीत पाठ न टेकवता बसा, एक तळवा बेंबीखाली ठेवा आणि दुसरा हात झटकन समोर उचला. तळव्याखाली पोट किंचित घट्ट झालेलं जाणवेल. तुम्ही तसं ठरवलेलं नव्हतं. हात हलण्याच्या क्षणभर आधी मेंदू पोटाच्या खोल स्नायूंना तयार राहायचा निरोप देतो, कारण हात पुढे गेला की शरीराचा तोल बदलणार हे त्याला ठाऊक असतं. पोटाला पट्ट्यासारखा वेढणारा खोल स्नायू, मणक्यालगतचे बारीक स्नायू, वरून श्वासपटल आणि खालून ओटीपोटाच्या तळाचे स्नायू अशी ही चौकट आहे. व्यायामाच्या दुनियेत तिला कोअर म्हणतात.

एमएसमध्ये हा आगाऊ निरोप उशिरा पोहोचतो. हात उचलला जातो, पाऊल पडतं, पण धड अजून तयार झालेलं नसतं. मग शरीर दुसरे उपाय शोधतं. खांदे वर ओढले जातात, गुडघा मागे ताठ लॉक होतो, पाय रुंद ठेवून चालणं सुरू होतं, भिंतीला हात लावायची सवय लागते. ही सगळी मेहनत महाग पडते. दोनशे पावलांत माणूस दमतो, आणि घरच्यांना कळत नाही की एवढ्याशा चालण्याने असं काय झालं.

याचा त्रास कुठे होतो ते पेशंट फार नेमकं सांगतात. रिक्षात चढताना एक पाय आत टाकला की दुसरा उचलेपर्यंत धड मागे पडतं. जुन्या नाशकातल्या वाड्याचा उंच उंबरठा आणि अरुंद लाकडी जिना नकोसा होतो. रामकुंडावर ओल्या पायऱ्या उतरताना कुणाचा तरी हात लागतोच. कुकर दोन्ही हातांनी उचलून ओट्यावरून वळताना कमरेत काहीच आधार नाही असं वाटतं. यातल्या एकाही प्रसंगात नुसतं पायात बळ असून भागत नाही. धड जागेवर राहिलं तर पायाला त्याचं काम करता येतं.

पिलाटेस म्हणजे काय

जोसेफ पिलाटेस हा 1883 मध्ये जर्मनीत जन्मलेला माणूस. लहानपणी दमा आणि मुडदूस यांनी पिचलेला, म्हणून व्यायामाकडे वळलेला. पहिल्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून तो इंग्लंडमध्ये नजरकैदेत होता. तिथल्या छावणीत त्याने आपली पद्धत घडवली. पलंगाला स्प्रिंगा लावून अंथरुणाला खिळलेल्यांना व्यायाम देण्याची कल्पनाही तिथलीच, असं सांगितलं जातं. 1920 च्या दशकात तो न्यूयॉर्कला गेला, पत्नी क्लारासोबत त्याने स्टुडिओ चालवला आणि 1967 मध्ये तिथेच वारला. त्याच्याकडे येणाऱ्यांत नर्तक खूप होते, म्हणून या व्यायामाला आजही नाजूक, लवचीक शरीराचा व्यायाम अशी ओळख चिकटली आहे.

पद्धतीचा गाभा असा: धड आणि कंबर स्थिर ठेवायची, हातपाय त्या स्थिरतेवर हलवायचे, हालचाल श्वासाशी जोडायची, वेग कमी ठेवायचा, आणि दहा वेळा घाईने करण्यापेक्षा चार वेळा नीट करायची. हे जमिनीवर चटई टाकून करता येतं, किंवा स्प्रिंगच्या यंत्रावर, ज्यातलं रिफॉर्मर सगळ्यांत प्रसिद्ध. योगासनं करणाऱ्यांना यात ओळखीचं बरंच सापडेल. एमएसच्या पेशंटसाठी आम्ही मूळ पद्धत जशीच्या तशी घेत नाही. मान आणि दोन्ही पाय उचलून धरून शंभर मोजेपर्यंत हात हलवायचा तो गाजलेला व्यायाम तर सुरुवातीला मुळीच नाही.

पहिल्या काही भेटींत आम्ही काय करतो ते सांगते. दिवाणावर पाठीवर झोपायचं, गुडघे दुमडलेले, डोक्याखाली पातळ उशी. नाकाने श्वास घ्यायचा, बरगड्या दोन्ही बाजूंना पसरू द्यायच्या. तोंडाने सावकाश श्वास सोडताना ओटीपोट हलकेच आत आणि वर घ्यायचं, लघवी रोखताना होतं तसं, पण पूर्ण जोर लावून नाही. दहातला तीन जोर पुरे. माझी दोन बोटं त्यांच्या कमरेच्या हाडाच्या जरा आतल्या बाजूला असतात. खोल स्नायू काम करतो तेव्हा बोटांखाली हळू ताण येतो. पोट फुगून बोटं वर ढकलली गेली, तर जोर चुकीच्या जागी लागलाय. हे एवढं जमायला कुणाला पाच मिनिटं लागतात, कुणाला तीन आठवडे.

ते जमलं की श्वास सोडत एक टाच दिवाणावरून हळूहळू पुढे सरकवायची आणि परत आणायची. पायात मोजा असला की घर्षण कमी होतं. टाच सरकताना कंबर एका बाजूला झुकली की थांबायचं, तेवढंच अंतर आजचं. काहींचा पाय या वेळी थडथड उडायला लागतो. पेशंट घाबरतात. ताठरपणामुळे असं होतं. पाऊल पूर्ण टेकवून क्षणभर थांबलं, वेग आणखी कमी केला की बहुधा शांत होतं. पुढे कंबर उचलून पूल करणं, कुशीवर झोपून गुडघा उघडणं, हातागुडघ्यांवर येऊन एक हात उचलणं अशी वाट आहे. आणि सगळ्यांत उपयोगाचा टप्पा मला वाटतो तो बसून करायचा, कारण दिवसाचा बराच वेळ माणूस बसलेलाच असतो. खुर्चीच्या पुढच्या कडेला बसायचं, श्वास सोडत धड लांब करायचं, एक पाऊल जमिनीवरून कागदाच्या जाडीएवढं उचलायचं. रिक्षात चढायची तयारी इथून होते.

चटई जमिनीवर टाकायची असेल, तर जमिनीवरून उठायचं कसं हे आधी शिकवलेलं असलं पाहिजे. उठता येईना म्हणून तिथेच बसून राहावं लागलेला माणूस पुन्हा वर्गाला येत नाही.

संशोधन काय सांगतं

अभ्यास बरेच झाले आहेत, बहुतेक छोटे. त्यातले दोन मला महत्त्वाचे वाटतात, कारण त्यांत पिलाटेसची तुलना दुसऱ्या कशाशी तरी केली होती.

2016 मध्ये ब्रिटनमधल्या अनेक केंद्रांवर मिळून झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चालू शकणारे 100 पेशंट, तीन गट, बारा आठवडे. एका गटाला पिलाटेसवर आधारित धडाचे व्यायाम, दुसऱ्याला फिजिओथेरपिस्ट नेहमी देतात तसे व्यायाम, तिसऱ्याला फक्त शिथिलीकरण. चालण्याच्या वेगात पिलाटेस गटाला शिथिलीकरणाच्या गटापेक्षा ठळक फायदा झाला नाही. नेहमीचे व्यायाम करणाऱ्यांना झाला. पुढच्याच वर्षी, 2017 मध्ये, इस्रायलमधला 45 जणांचा अभ्यास आला. तिथे बारा आठवडे, आठवड्यातून एकदा, अर्ध्या तासाचं सत्र होतं. पिलाटेस आणि फिजिओथेरपी या दोन्ही गटांचं चालणं आणि तोल सुधारला, आणि दोघांत फरक निघाला नाही. 2019 मध्ये तोवरच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला. त्याचा सूरही हाच होता: पिलाटेस सुरक्षित आहे, उपयोगी ठरू शकतं, पण इतर फिजिओथेरपीपेक्षा सरस नाही.

हे वाचून काहींचा हिरमोड होतो. मला मात्र यात दिलासा दिसतो. म्हणजे ज्यांना यंत्राचा वर्ग परवडत नाही, किंवा घरापासून लांब जाणं जमत नाही, त्यांचं काही हुकत नाही. नीट आखलेला दुसरा व्यायामही तेवढंच देतो. आणि ज्यांना पिलाटेस आवडतं, ज्यांना तो संथपणा आणि श्वासाची लय मानवते, त्यांनी ते बिनदिक्कत करावं, कारण आवडलेला व्यायाम माणूस पुढच्या वर्षीही करतो.

एक भर मात्र घालावी लागते. नुसत्या धडाच्या व्यायामाने चालण्याचा वेग वाढेलच असं नाही. चालणं सुधारायला चालावंही लागतं. हलका ते मध्यम एमएस असलेल्या प्रौढांसाठी कॅनडाने 2013 मध्ये काढलेल्या मार्गदर्शक सूचना वापरायला सोप्या आहेत: आठवड्यातून दोनदा मध्यम दमाचा अर्धा तास, आणि दोनदा स्नायूंच्या बळाचे व्यायाम. पिलाटेस यातल्या दुसऱ्या खात्यात बसतं. पहिल्या खात्यासाठी गोल्फ क्लबच्या मैदानाचा ट्रॅक, नाहीतर घरातली उभी सायकल.

व्हीलचेअर वापरणाऱ्यांनाही हा विषय लागू होतो, आणि त्यांच्याशी तो कुणी फारसा बोलत नाही याचं मला वाईट वाटतं. स्कॉटलंडमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्यांच्या एका छोट्या गटाला बसून करायचं पिलाटेस दिलं गेलं. 2014 मध्ये त्याचे निष्कर्ष आले: बसण्याची स्थिरता सुधारली, खांदे आणि पाठीचं दुखणं कमी झालं. दिवसभर खुर्चीत एका कुशीला कललेल्या माणसासाठी ही लहान गोष्ट नाही.

उन्हाळा आणि थकवा: इथे सगळ्यांत जास्त चुकतं

विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने 1890 मध्ये नोंदवलं की शारीरिक श्रमानंतर काही पेशंटची नजर तात्पुरती मंदावते. पुढे कळलं की कारण उष्णता आहे. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश आधीच जेमतेम जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशाने वाढलं तरी तो अडू शकतो. शरीर थंड झालं की संदेश पुन्हा सुरू होतो. यात नवीन इजा होत नाही. पण त्या काळी आणि नंतरही बराच काळ डॉक्टर सांगत राहिले की एमएसमध्ये श्रम टाळा, पडून राहा. 1996 मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या अभ्यासात 54 पेशंटपैकी काहींनी पंधरा आठवडे नियमित एरोबिक व्यायाम केला. त्यांचा दम वाढला, हातापायांचं बळ वाढलं. तिथून वैद्यकीय सल्ला बदलत गेला. आपल्याकडच्या घरांमध्ये तो जुना सल्ला अजून राहतोय. "तू काही करू नकोस गं, आम्ही आहोत ना" हे मायेने म्हटलेलं असतं, आणि त्यानेच सुनेचे नाहीतर लेकीचे स्नायू झडत जातात.

आता नाशिकचं बघा. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीला टेकतो, पण पहाटे हवा अजूनही बरी असते. म्हणून त्या दोन महिन्यांत व्यायाम सकाळी सातच्या आत. ज्या वर्गाची वेळ संध्याकाळी पाचची आहे, वर पत्र्याचं किंवा तापलेल्या स्लॅबचं छप्पर आहे, तो वर्ग कितीही चांगला असला तरी उन्हाळ्यात तुमचा नाही. व्यायामाच्या आधी कढत पाण्याने अंघोळ नको, नंतर कोमट किंवा गार पाण्याने करा. पंखा अंगावर येईल अशी चटई टाका. मानेवर ओला पंचा आणि जवळ गार पाणी. लघवीच्या घाईच्या भीतीने पाणी कमी पिणारे पेशंट खूप असतात. त्यांनी पाणी न तोडता वर्गातलं स्वच्छतागृह किती पावलांवर आहे हे आधी पाहून घ्यावं. मुद्दाम खोली तापवून घेतले जाणारे योगवर्ग तर एमएसमध्ये टाळाच.

व्यायामानंतर पाय जड झाला, नजर धूसर झाली, तर हा झटका आहे का? फरक ओळखायचा सोपा मार्ग असा. थंड जागी बसा, पाणी प्या, विश्रांती घ्या. तास-दोन तासांत पूर्ववत झालं तर ते उष्णतेचं. नवीन लक्षण चोवीस तासांहून जास्त टिकलं आणि ताप किंवा लघवीतला जंतुसंसर्ग नसेल, तर झटक्याची शंका घ्यायची आणि न्यूरोलॉजिस्टना त्याच दिवशी फोन करायचा. ताप आणि लघवीचा संसर्ग यांनीही जुनी लक्षणं उफाळतात, म्हणून त्यांची तपासणी आधी होते. अशा दिवसांत व्यायाम बंद.

थकव्याबद्दल घरच्यांनी एवढं मानावं की तो आळस नाही. एमएसमधल्या बहुसंख्यांना तो असतो, आणि कितीतरी जणांना तो पाय ओढण्यापेक्षा जास्त छळतो. मी पेशंटना सांगते की आणखी दोनदा करता येईल असं वाटतंय तिथेच थांबा. व्यायामानंतर दोन तासांनीही गळून गेल्यासारखं वाटत असेल, तर पुढच्या वेळी मात्रा कमी. स्वयंपाक, मुलांचा डबा, ऑफिस आणि त्यावर व्यायाम अशी ओळ लावली तर व्यायाम पहिल्या आठवड्यात सुटतो. ज्या दिवशी पिलाटेस, त्या दिवशी पोळ्या दुसऱ्या कुणीतरी लाटायच्या, हे घरात आधी ठरलेलं बरं. भाजी चिरायला ओट्याशी उंच स्टूल ठेवलं तरी पुष्कळ शक्ती वाचते.

शिकवणारा कोण

पिलाटेसचं प्रमाणपत्र काही आठवड्यांच्या कोर्सनेही मिळतं. निरोगी माणसाला ते पुरेल, एमएसला नाही. शिकवणारी व्यक्ती फिजिओथेरपिस्ट असावी, शक्यतो न्यूरोचा अनुभव असलेली, किंवा प्रशिक्षक फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली काम करणारा असावा. महाराष्ट्रात फिजिओथेरपीची पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ आपल्याच दिंडोरी रोडवर आहे. पदवी आणि राज्य परिषदेची नोंदणी विचारायला संकोच करू नका. पहिल्या भेटीत तुमचा एमआरआय, चालू औषधं, शेवटचा झटका कधी आला, तुम्ही पडलात का, हे कुणी विचारलंच नाही, थेट चटईवर झोपवलं, तर तिथून निघा.

दोन धोके तज्ज्ञालाच ठाऊक असतात, म्हणून तुम्हीही जाणून घ्या. मान छातीकडे वाकवल्यावर पाठीतून विजेसारखी कळ उतरते का? एमएसमध्ये हे होतं, आणि पिलाटेसच्या कितीतरी व्यायामांत मान उचलायची असते. असं होत असेल तर डोकं उशीवरच ठेवून तेच व्यायाम करता येतात. दुसरं, स्टिरॉइडचे डोस पुन्हा पुन्हा झाले असतील आणि हालचाल कमी असेल तर हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. मग पाठ गोल करून गुंडाळी होण्याचे व्यायाम टाळायचे.

खर्चाच्या बाबतीत एक माहिती बऱ्याच घरांत पोहोचलेली नसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचं नाव स्वतंत्रपणे आहे. त्यासाठी यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि तपासणी सरकारी रुग्णालयात होते. 1985 पासून काम करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही पेशंटची संस्थाही आहे. निदान नुकतं झालेल्या कुटुंबाने तिथे बोलावं, कारण दुसऱ्या पेशंटशी झालेलं अर्ध्या तासाचं बोलणं मी दहा वेळा समजावण्यापेक्षा जास्त उपयोगी पडतं, हे मी पाहिलं आहे.

सुरुवात करण्याआधी घरात एक मोजणी करून ठेवा. हात टेकायला जागा असलेली भक्कम खुर्ची भिंतीला लावा, तिच्यापासून तीन मीटरवर फरशीवर टेप चिकटवा. खुर्चीतून उठायचं, टेपपर्यंत नेहमीच्या वेगाने चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. सोबत कुणीतरी हवंच, आणि मोबाइलवर सेकंद त्यानेच मोजायचे. काठी वापरत असाल तर काठीसह. दर पंधरा दिवसांनी, त्याच वेळी, त्याच चपला घालून पुन्हा मोजा. सेकंदांसोबत त्या दिवशीचं ऊन, झोप आणि वळताना तोल गेला का तेही लिहा. ही वही पुढच्या भेटीला न्यूरोलॉजिस्टकडेही न्या आणि फिजिओथेरपिस्टकडेही. व्यायाम वाढवायचा, बदलायचा की थांबवायचा हे त्यावरून ठरवता येतं.